अर्धशिशी आणि व्यायाम

अर्धशिशी उठलेल्या माणसाची एक खूण घरांतल्या लहान मुलालाहि कळते. तो उठत नाहीं. खिडकी लावून, डोळ्यांवर पंचा किंवा पदर ओढून एका कुशीवर पडून राहतो. जिना चढणें तर दूरच, पण कोणी खाटेला धक्का दिला तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. अशा माणसाच्या उशाशीं जाऊन "जरा व्यायाम करीत जा" असें सांगणारा मनुष्य एक तर निर्दय असला पाहिजे, नाहीं तर वैद्य. गंमत अशी कीं, गेलीं दोन हजार वर्षें वैद्य हेंच सांगत आलेले आहेत. आणि त्याच दोन हजार वर्षांत त्यांनींच, कित्येकदां त्याच ग्रंथांत, व्यायाम हा या डोकेदुखीच्या कारणांपैकीं एक आहे असेंहि लिहून ठेवलें आहे. एकच गोष्ट रोगाचें कारणहि आणि त्यावरील उपायहि कशी असूं शकेल, हा प्रश्न या चिकित्सेच्या इतिहासांत पुन्हां पुन्हां डोकें वर काढतो, आणि प्रत्येक काळानें त्याला आपापल्या मगदुराप्रमाणें उत्तर दिलेलें आहे.

आयुर्वेदांत या रोगाचें नांव अर्धावभेदक. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत शिरोरोगांचे अकरा प्रकार मोजले आहेत, त्यांतला हा एक. अर्धें डोकें फुटल्यासारखें, टोचल्यासारखें दुखतें, भोंवळ येते, आणि हें दुखणें पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं किंवा अवचित उलटतें, असें वर्णन तेथें आढळतें. पाळीनें येणें हा या दुखण्याचा स्वभाव त्या वैद्यांनीं अचूक हेरला होता. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांत हेंच चित्र अधिक तपशिलानें येतें: मान, भुंवई, शंख, कान, डोळा आणि कपाळ यांची एक बाजू धरून वेदना उठते, ती शस्त्रानें कापल्यासारखी किंवा अरणीनें घुसळल्यासारखी असते. आणि येथेंच कारणांची यादी दिली आहे. रूक्ष अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, दंव, मलमूत्रादि वेगांचा रोध, अतिश्रम आणि व्यायाम.

हा शेवटचा शब्द पाहून वाचक थबकतो. कारण त्याच संहितेच्या सूत्रस्थानांत व्यायामाची मोठी थोरवी सांगितलेली आहे. व्यायामानें शरीर हलकें होतें, कामाची ताकद येते, क्लेश सोसण्याचें बळ येतें, दोष क्षीण होतात, जाठराग्नि प्रदीप्त होतो. ग्रंथाच्या घडणीकडे बोट दाखवून या विसंगतीचा निकाल लावतां येईल: सिद्धिस्थान हा भाग दृढबलानें मागाहून पुरा केलेला आहे, तेव्हां लेखक दोन आणि मतें दोन. पण हें उत्तर जरा फारच सोयीचें आहे. सूत्रस्थानांतच व्यायामाची स्तुति संपते न संपते तोंच अतिव्यायामाचे तोटे सुरू होतात: थकवा, क्षय, तहान, खोकला, ताप, वांति. दोन्ही स्थानांतले वैद्य एकाच औषधाकडे पाहत होते. प्रश्न मात्रेचा होता.

ती मात्रा मोजावयाची कशी? सुश्रुतानें दिलेलें माप आजच्या वाचकालाहि चकित करील असें आहे. मनुष्यानें आपल्या शक्तीच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा, आणि ती अर्धी मर्यादा आली हें ओळखावयाचें श्वासावरून: हृदयांतला वायु तोंडाशीं येऊं लागला, म्हणजे धाप लागून तोंडानें श्वास घ्यावा लागला, कीं थांबावें. वाग्भटानें याला ऋतूची आणि आहाराची जोड दिली. स्निग्ध अन्न खाणाऱ्या बलवान माणसानें थंडीच्या दिवसांत आणि वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, एरव्हीं त्याहून कमी. घड्याळ नाहीं, मैलाचे दगड नाहींत, वजनाचे आंकडे नाहींत. प्रत्येकाच्या छातींतच त्याचें माप. रोगी पैलवान असो कीं कारकून, हें माप त्याच्याबरोबर लहानमोठें होतें.

याच काळाच्या आगेंमागें भूमध्य समुद्राच्या कांठीं ग्रीक वैद्य त्याच कोड्याशीं झगडत होते. कॅपाडोशियाचा एरिटीअस यानें या दुखण्याचें जें चित्र काढलें आहे तें कोणत्याहि रोग्यानें आपलें म्हणून ओळखावें असें आहे. रोगी उजेडापासून पळतो, अंधारांत त्याला बरें वाटतें, सुखाच्या गोष्टीहि त्याला पाहवत वा ऐकवत नाहींत, आणि शेवटीं तो जिवाला विटतो. त्याच्या मागून आलेल्या गेलननें वापरलेलें 'हेमिक्रानिया', म्हणजे अर्धी कवटी, हें नांव पुढें युरोपभर चाललें; त्याचाच अपभ्रंश होत होत फ्रेंचांचा 'मिग्रेन' तयार झाला. गेलन हा तरुणपणीं पर्गमम शहरांत ग्लॅडिएटर मल्लांचा वैद्य होता. जखमा शिवतां शिवतां मल्लविद्येचें दुसरें अंग त्याला दिसलें असावें, कारण पिळदार शरीराचें कौतुक त्याच्या लिखाणांत फारसें नाहीं. उलट लहान चेंडूच्या खेळावर त्यानें एक स्वतंत्र निबंध लिहिला आणि तो खेळ सर्वांना सोसणारा म्हणून वाखाणला. आरोग्यरक्षणावरील आपल्या ग्रंथांत व्यायाम कशाला म्हणावें हें ठरवितांना तोहि श्वासावरच येऊन थांबला: ज्या हालचालीनें श्वासाची गति बदलते तो व्यायाम. सुश्रुत आणि गेलन यांनीं एकमेकांचे ग्रंथ पाहिले होते असें मानावयास कांहीं आधार नाहीं, आणि तशी गरजहि नाहीं. धाप सगळ्या देशांत सारखीच लागते.

मधलीं कित्येक शतकें येथें ओलांडून गेलीं तरी चालेल, कारण गेलनचेंच बोलणें तेवढ्या काळांत फिरून फिरून सांगितलें गेलें. सतराव्या शतकांत लंडनचा टॉमस सिडनहॅम घोड्यावर बसण्याची शिफारस करी. १७०५ सालीं फ्रान्सिस फुलर यानें 'मेडिसिना जिम्नॅस्टिका' हें पुस्तक लिहून त्या घोडेस्वारीचे गोडवे गाइले. हा उपाय घोडा बाळगणाऱ्यांपुरताच होता, हें सांगावयास नकोच. स्वित्झर्लंडांतील लोझानचा डॉक्टर टिसो यानें १७६८ सालीं विद्याव्यासंगी लोकांच्या आरोग्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. बैठकीनें आणि दिव्याखालच्या वाचनानें पंडितांचीं शरीरें कशीं खचतात, याचें वर्णन करून त्यानें त्यांना उठून चालावयास लावलें. पुढें याच टिसोनें अर्धशिशीला इतर डोकेदुखींपासून वेगळें काढून तिचा विस्तृत विचार केला, आणि तिचें मूळ पोटांत असल्याचें ठरविलें. मराठी घरांतून "पित्तानें डोकें चढलें" असें अजूनहि म्हणतात. त्या घरांना टिसोचें म्हणणें परकें वाटणार नाहीं. पोट बिघडल्यानें डोकें दुखतें, व्यायामानें पोट सुधारतें, म्हणून व्यायामानें डोकें राहतें, अशी ही साखळी होती. साखळीचा पहिला दुवा पुढें निखळला, तरी सल्ला मात्र टिकून राहिला. वैद्यकांत असें पुष्कळदां होतें.

एकोणिसाव्या शतकांत व्यायामाची रीतसर शाळा निघाली. स्टॉकहोममध्यें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं राजाश्रयानें व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था काढली, आणि रोगनिवारक व्यायाम हा तिच्या शिक्षणाचा एक विभाग केला. त्याच शहरांत १८६५ सालीं गुस्ताव्ह झांडर यानें यंत्रांचा दवाखाना उघडला. रोग्यानें यंत्रावर बसावें, आणि वजनें व तरफा यांनीं त्याच्या हातापायांना मोजूनमापून हालचाल द्यावी, अशी ती योजना. आजच्या व्यायामशाळांतून जीं चकचकीत यंत्रें दिसतात त्यांचे पूर्वज तेथें सांपडतात.

पण याच शतकांत अर्धशिशीची उपपत्तिहि पालटली. एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरानें १८७३ सालीं तिच्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि ती पोटांतून उठते हें मत सोडून दिलें. त्याच्या मतें हें मज्जासंस्थेंत उठणारें वादळ होतें. अपस्मार आणि दमा यांचें तें भावंड. वादळ मज्जेंत उठतें असें एकदां ठरलें म्हणजे पुढचा प्रश्न येतो: मज्जा थकली आहे म्हणून उठतें, कीं तिला काम नाहीं म्हणून? या प्रश्नाच्या उत्तरांत शास्त्रापेक्षां समाजाचा हात अधिक होता.

अमेरिकेंत फिलाडेल्फियाचा सायलस वेअर मिचेल हा मज्जारोगांचा त्या काळांतला नांवाजलेला डॉक्टर. त्यानें १८७७ सालीं 'फॅट अँड ब्लड' हें पुस्तक लिहून विश्रांतीची एक चिकित्सा प्रसृत केली. मज्जादौर्बल्य म्हणून त्या वेळीं जो एक रोग मानला जाई, त्याच्या लक्षणांत डोकेदुखी ठळक होती. आणि तो झालेल्या स्त्रीला मिचेल कित्येक आठवडे अंथरुणावर ठेवी. उठावयाचें नाहीं, लिहावयाचें नाहीं, वाचावयाचें नाहीं, कोणाला भेटावयाचें नाहीं. दूध पुष्कळ प्यावें, आणि स्नायु निकामी होऊं नयेत म्हणून दुसऱ्याकडून अंग मळून घ्यावें. त्याच प्रकारच्या तक्रारी घेऊन पुरुष आला तर त्याला हा डॉक्टर पश्चिमेकडच्या माळरानावर पाठवी. घोड्यावर बस, गुरें हांक, उघड्यावर नीज. ओवेन विस्टर नांवाचा तरुण १८८५ सालीं असाच वायोमिंगला गेला, आणि पुढें तिकडच्या जीवनावरील कादंबऱ्यांनीं प्रसिद्ध झाला. शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका १८८७ सालीं याच डॉक्टरकडे आली. तिला अंथरूण मिळालें, आणि लेखणीला हात न लावण्याची ताकीद मिळाली. आपण वेडाच्या काठावर पोहोंचलों होतों, असें तिनें मागाहून लिहिलें. 'द यलो वॉलपेपर' ही तिची १८९२ सालची कथा त्या अनुभवांतून निघाली.

एकाच डॉक्टराच्या हातून, सारख्याच तक्रारींवर, एकाला रान आणि दुसरीला खोली मिळावी, हें कशावरून ठरलें? नाडीवरून खास नव्हे. अर्धशिशी ही प्रौढ वयांत पुरुषांपेक्षां स्त्रियांत सुमारें तिपटीनें अधिक आढळते, आणि पुष्कळ स्त्रियांत ती मासिक पाळीच्या आगेंमागें येते. म्हणजे ज्यांना हालचालीचा उपयोग पडताळून पाहण्याचें कारण सर्वांत अधिक, त्यांनाच ती बंद होती. या समजुतीला आव्हान देणारी स्त्री अमेरिकेंतच निघाली. न्यूयॉर्कच्या डॉक्टर मेरी पटनम जेकोबी यांनीं पाळीच्या दिवसांत स्त्रियांना विश्रांति खरोखरीच लागते काय, या प्रश्नावर निबंध लिहिला. स्त्रियांकडून माहिती मागविली, नाडीच्या गतीचीं आणि बळाचीं मोजमापें घेतलीं, आणि सक्तीच्या विश्रांतीला आधार नाहीं असें दाखविलें. हार्वर्ड विद्यापीठाचें बॉयल्स्टन पारितोषिक १८७६ सालीं या निबंधाला मिळालें. अर्धशिशीच्या इतिहासांत जेकोबीबाईंचें नांव सहसा येत नाहीं; तें यावयास पाहिजे.

या शतकाचा निरोप घेण्यापूर्वीं एका रोग्याची आठवण होते. जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे यानें डोकेदुखी, वांति आणि डोळ्यांची व्यथा यांना कंटाळून १८७९ सालीं बाझल विद्यापीठांतील प्राध्यापकी सोडली. पुढें आल्प्स पर्वतांतील सिल्स-मारिया या खेड्यांत तो उन्हाळे काढी आणि तासन्‌तास चाले. चालतां चालतां सुचलेलें वहींत टिपून घेई. त्याचें दुखणें अर्धशिशीच होतें कीं आणखी कांहीं, याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. चालण्यानें त्याचीं पुस्तकें झालीं एवढें खरें. डोकें दुखावयाचें राहिलें नाहीं.

विसावें शतक उजाडल्यावर औषध प्रथमच व्यायामाच्या पुढें गेलें. अर्गट या धान्यावरच्या बुरशींतून आर्थर श्टोल यानें १९१८ सालीं अर्गोटॅमिन वेगळें काढलें. न्यूयॉर्कमध्यें जॉन ग्रॅहम आणि हॅरल्ड वुल्फ यांनीं १९३८ सालीं असें दाखविलें कीं, हें औषध टोंचल्यावर कानशिलाच्या धमनीचें उडणें जसजसें मंदावतें तसतशी वेदना उतरते. त्यावरून अर्धशिशी म्हणजे धमन्या फुगण्याचा विकार, असें मत रूढ झालें. आतां धमन्या फुगविणारी आणि नाडी उडविणारी गोष्ट म्हणजे व्यायामच. तेव्हां त्याच्याकडे पुन्हां संशयानें पाहिलें जाऊं लागलें. श्रमानें उठणाऱ्या डोकेदुखीचें वर्णन झूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरानें १९३२ सालींच केलें होतें. अमेरिकेंतल्या मेयो क्लिनिकच्या रूक या डॉक्टरानें १९६८ सालीं अशा १०३ रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांतल्या १० जणांच्या डोक्यांत मागाहून कांहीं ना कांहीं शारीरिक विकृति निघाली, बाकीच्यांचें दुखणें निरुपद्रवी ठरलें. त्याच वर्षीं ऑलिंपिक सामने मेक्सिको शहरांत झाले. समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवरच्या त्या विरळ हवेंत धांवून आलेल्या खेळाडूंना अर्धशिशीसारखें डोकें दुखल्याच्या हकीगती वैद्यकीय वाङ्मयांत आल्या. पुढें १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेनें या रोगांचें वर्गीकरण केलें, तेव्हां जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनें वेदना वाढणें ही अर्धशिशी ओळखण्याची एक खूणच ठरविण्यांत आली. चरकसंहितेंतला तो शब्द अशा रीतीनें नव्या शास्त्राच्या दप्तरांत पुन्हां दाखल झाला.

मग व्यायाम उपाय म्हणून परत आला तो कोठून? हृदयरोगाच्या वाटेनें. केनेथ कूपर या अमेरिकन डॉक्टराचें 'एरोबिक्स' हें पुस्तक १९६८ सालचें. त्यानें श्वास वाढविणारा पण टिकवितां येणारा व्यायाम घरोघर नेला. स्कॉटलंडांत ॲबर्डीन येथें ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनीं १९७५ सालीं मेंदूंत अफूसारखें काम करणारीं द्रव्यें शोधून काढलीं, आणि व्यायामानें वेदना कमी होण्याचें एक संभाव्य कारण हातीं आलें. धमन्यांचें मतहि हळूहळू मागें पडलें. आज अर्धशिशी हा मुख्यतः मेंदू आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या अतिसंवेदनशीलतेचा विकार समजला जातो. परंतु कारण सांपडणें निराळें आणि गुण येतो कीं नाहीं हें पाहणें निराळें. तें काम पुन्हां स्वीडनमध्येंच झालें.

गोथेनबर्ग येथील एम्मा वार्की आणि त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आणि धीट होता. अर्धशिशीच्या ९१ प्रौढ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटाला आठवड्यांतून तीनदां ४० मिनिटें व्यायाम. दुसऱ्याला अंग सैल सोडून शांत पडण्याचा अभ्यास. तिसऱ्याला टोपिरामेट हें अर्धशिशी टाळण्याचें मान्य औषध. तीन महिन्यांनीं मोजणी झाली तेव्हां महिन्याच्या झटक्यांत व्यायामानें सरासरी ०.९३, शिथिलीकरणानें ०.८३ आणि औषधानें ०.९७ इतकी घट दिसली. म्हणजे तिघांत खरा फरक निघाला नाहीं. औषधाच्या गटांत तिसरा हिस्सा लोकांना औषधाचा त्रास झाला, इतर दोन गटांत कोणालाहि नाहीं. या आंकड्यांनीं हुरळून जाण्याचें कारण नाहीं. रोगी थोडे होते, आणि कांहींच न करणारा असा चौथा गट नव्हता, त्यामुळें यांतलें किती काळानेंच झालें असतें हें सांगतां येत नाहीं. तरीहि ज्यांना औषध सोसत नाहीं किंवा घ्यावयाचें नाहीं त्यांच्यापुढें निदान एक मोजलेली वाट ठेवली गेली. त्या ४० मिनिटांची वांटणी पाहण्यासारखी आहे: पहिलीं १५ मिनिटें अंग तापविण्याचीं, मधलीं २० खऱ्या मेहनतीचीं, शेवटचीं ५ निवण्याचीं. बरोबर निम्मा वेळ शरीराची समजूत घालण्यांत जातो.

भारतांतील प्रयोग योगाच्या अंगानें झाले, आणि त्यांची परंपरा महाराष्ट्रांतूनच निघते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि आसनें व प्राणायाम यांची प्रयोगशाळेंत उपकरणांनीं तपासणी सुरू केली. त्याच वर्षीं 'योग-मीमांसा' हें त्रैमासिक निघालें. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो याच सुमारास. या पिढीनें श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याची संवय घातली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील डॉक्टरांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ११४ रोग्यांनीं शेवटपर्यंत भाग घेतला. निम्म्यांना नेहमींचे औषधोपचार, उरलेल्यांना औषधोपचारांच्या जोडीला योग: पहिला महिना शिक्षकासमोर, पुढचे दोन घरीं. योगाच्या गटांत महिन्याची डोकेदुखी सरासरी ९.१ वरून ४.७ वर आली, नुसत्या औषधाच्या गटांत ७.७ वरून ६.८ वर. आपण योग करीत आहोंत हें रोग्यापासून लपवितां येत नाहीं, ही या प्रयोगांतली न टळणारी अडचण. कांहींसा गुण आशेचाहि असणारच.

व्यायामानेंच ज्यांचें डोकें उठतें त्यांचें काय, हा जुना प्रश्न मात्र शिल्लक होता. हॉलंडांत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अर्धशिशीच्या ३८ टक्के रोग्यांनीं आयुष्यांत केव्हां ना केव्हां व्यायामामुळें झटका आल्याचें सांगितलें, आणि त्यांतल्या पुष्कळांनीं तो खेळच सोडून दिला होता. अशांना आतां डॉक्टर झटका नसलेल्या दिवसांत आरंभ करावयास सांगतात. उपाशीं पोटीं नको, पाणी पिऊन, अंग हळूहळू तापवून, भर दुपारचें ऊन टाळून. प्रथम बोलतां बोलतां करतां येईल इतकेंच चालणें, आणि आठवड्या-आठवड्यानें थोडी वाढ. झटका चालू असतां कांहीं नाहीं. गुण दिसावयास दोन-तीन महिने लागतात, म्हणून तारखा आणि वेदनेचें मान वहींत टिपून ठेवावें; आठवणीवर विसंबलें तर चांगले दिवस विसरले जातात. आणि ज्याला पूर्वीं कधीं डोकेदुखी नव्हती, त्याचें डोकें श्रम करतांना वीज पडावी तसें एकाएकीं दुखूं लागलें, किंवा दुखण्याबरोबर शुद्ध हरपली, मान ताठली, हातपाय लुळे पडले, तर ती अर्धशिशी समजूं नये. त्याला त्याच घटकेला रुग्णालयांत न्यावें. रूकच्या त्या १० रोग्यांसारखा तो निघण्याचा संभव असतो.